माझी आई परक्याच्या पुस्तकात

तो माझी आई वाचत होता. स्वतःची म्हणून. आणि त्याची खरी आई पहिल्या रांगेत रेशमी साडीत बसून टाळ्या वाजवत होती.

डहाणूतल्या एका सभागृहात पुस्तकाचं प्रकाशन होतं. लेखक मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. समुद्राकडे तोंड करून बंगला, मागे चिकूची वाडी. मी शेवटच्या रांगेत. मी वाणगावला शेतकऱ्यांकडून मिरची घेते आणि मुंबईला पाठवते. टेम्पो भरेपर्यंत क्रेटवर बसून मोबाईलवर लिहिते, फेसबुकवर टाकते. ओळखीच्या एक शिक्षिका म्हणाल्या, "तू लिहितेस ना, ये ऐकायला." म्हणून गेले.

तिसऱ्या वाक्याला माझे कान तापले. 'आई सायवनहून पहिल्या एसटीने शेवळांची पाटी घेऊन वाणगावला उतरायची.' शब्द माझे. मी जिथे थांबले होते तिथेच तो थांबत होता. माझ्या आईच्या टाचेची भेग, तिने पाटीखाली घेतलेली चुंबळ, सगळं त्याच्या तोंडात.

शेवळं ही आमच्याकडची रानभाजी. पावसाच्या तोंडावर उगवते. एके दिवशी एका बाईने घासाघीस करून करून जुडी आईच्या पाटीत भिरकावली. चार दुकानं फिरून परत आली आणि तीच जुडी मागितली. आईने दिली. मुकाट दिली. पण काकडं दिली नाहीत. काकडं म्हणजे रानातली आंबट हिरवी फळं. शेवळांबरोबर मूठभर फुकट द्यायची रीत. त्यांच्याशिवाय शिजवली तर ही भाजी घशाला खाजते. आईने हे त्या बाईला सांगितलंही नाही. माझा सगळा लेख त्या न दिलेल्या मुठीसाठी होता.

त्याने काय वाचलं? 'आईने तिला मूठभर जास्तच दिलं आणि म्हणाली, देव तुझं भलं करो.'

सभागृहात रुमाल निघाले. चोरली ती चोरली, वर तिला गरीब गाय करून टाकली.

मी उठले. सरळ पहिल्या रांगेत गेले आणि त्याच्या आईसमोर उभी राहिले.

"काकू, शेवळं काय घालून शिजवायची?"

म्हातारी गोंधळली. खरं बोलली बिचारी. "मला गं काय माहीत? आमच्याकडे स्वयंपाकाला बाई होती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. लेखकाचा चेहरा पडला. कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी धावत आला, माझ्या कोपराला धरून मला मागच्या खोलीत घेऊन गेला. "बेन, इथे तमाशा नको. चहा घ्या."

लेखकही आला. मी मोबाईल उघडून माझी पोस्ट दाखवली. तारखेसकट. त्याने चष्मा वर केला, वाचली, चष्मा खाली घेतला.

"फॉरवर्ड होऊन आलं होतं हो मला. खाली कुणाचं नाव नव्हतं."

"पाटी ठेवून बाई पाणी प्यायला गेली, तर पाटी तुमची होते का?"

"तुम्ही फार मनाला लावून घेताय. साहित्यात आई ही प्रतीक असते."

"माझी आई सायवनला असते."

सेक्रेटरीने मध्ये हात घातला. "बेन, जवा दो ने, सोडून द्या आता. पुढच्या आवृत्तीत आभारात तुमचं नाव टाकू."

"आभारात नको. लेखाखाली."

"तळटीप देऊ."

"तळटीप नाही. वर, मथळ्याला लागून."

"बरं, वर. पण बारीक अक्षरात."

"आणि काकडांचं होतं तसं परत घालायचं."

लेखकाने तोंड वाकडं केलं. "तो भाग कडवट होतो. वाचकाला माया करणारी आई लागते. तेवढं सोडा, बाकी तुमचं मान्य."

मी "बघते" म्हणणार होते. शब्द ओठावर आला होता. व्यापारात पंचवीस वर्षं काढली. समोरचा खाली आला की आपणही थोडं खाली यायचं, ही माझ्या हाडातली सवय. आणि तेव्हा मला माझीच शिसारी आली. मी काय करत होते? त्या बाईने आईच्या जुडीचा भाव केला होता. मी आईचाच करत होते. चोराबरोबर बसून. त्याच्या चहाचा कप हातात धरून.

कप खाली ठेवला.

"काही मान्य नाही. लेख काढा."

"आता कसा काढणार? छापून झालंय."

"मग प्रत्येक पुस्तकातून पान फाडा."

"आवाज खाली," तो म्हणाला. आणि सेक्रेटरीकडे बघून, मी तिथे नसल्यासारखं, "या लोकांना मोबाईल मिळाला की हे स्वतःला लेखक समजतात."

आजवर समजत नव्हते. खरं सांगते. पुस्तक छापणारा तो लेखक, मी नुसती मिरचीवाली, असंच मनात होतं. म्हणून तर पोस्टखाली कधी नाव घातलं नाही. लाज वाटायची. त्याने मला लेखक नाही म्हटलं आणि माझी लाज संपली.

दुसऱ्या दिवशी सायवनला जाऊन आईला सांगितलं. ती सुपात नागली पाखडत होती.

"म्हनू दे ना मला आई. पोरगाच आहे कुणाचा तरी," ती म्हणाली. मग सूप थांबलं. "पन मी तिला काकडं नव्हती दिली. त्याने का दिली? कुणाच्या बापाची होती?"

तिथून मी वकिलाकडे गेले. त्याने सांगितलं, लिहिलंत त्या क्षणी ते तुमचं झालं. शिक्का लागत नाही, पुस्तक लागत नाही. इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या लेखकाला मात्र पक्कं माहीत होतं. त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर ठळक छापलंय: परवानगीशिवाय यातला कोणताही मजकूर वापरू नये.

नोटीस गेली. तेव्हापासून डहाणूतून फोन येतात. कधी सत्कार करू म्हणतात, कधी व्यासपीठावर खुर्ची देऊ म्हणतात. घरचे म्हणतात, फेसबुक बंद कर, कटकट नको. का बंद करू? चोराने मोकळं फिरायचं आणि मी तोंड शिवून बसायचं?

लिहिते. वाणगावात, क्रेटवर बसून, रोज. आता प्रत्येक लेखाखाली माझं पूर्ण नाव असतं. आणि नुसतं 'आई' लिहीत नाही. जमनी लिहिते, जमनी, सायवनची. घ्या आता स्वतःची म्हणून.

पान फाडलं जाईपर्यंत मी कोर्टाची पायरी सोडणार नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा भाव केला. याचा करणार नाही.