पंपावर सगळ्यांनी उतरायचं असतं

गावी अंगणात घसरून माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा बायको मिळेल त्या गाडीने पुढे निघून गेली. मुलीची परीक्षा चालू होती म्हणून मुलं माझ्याकडे राहिली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार पूर्ण करून पाचव्यात. परीक्षा संपेपर्यंत मे महिन्याची गर्दी सुरू झाली होती, रेल्वेचं तिकीट मिळण्याचा प्रश्नच नव्हता आणि बसमध्ये मुलगा ओकतो. त्यामुळे आपलीच गाडी काढायची ठरवली. कांदिवलीहून कणकवलीच्या पुढे आमचं गाव. पाचशे किलोमीटरला थोडं कमी. एवढा पल्ला मी आधीही चालवला होता, पण तेव्हा मुलांकडे बघायला बायको असायची. मी फक्त रस्त्याकडे बघायचो.

साकीनाक्याला एका पॅकिंगच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. सवयीने प्रवासाचाही हिशेब केला होता. आमची गाडी जुनी, सीएनजीवर चालणारी. एका टाकीत किती जाते, त्यातलं घाटात किती कमी धरायचं, पुढचा गॅसचा पंप कुठे, तो बंद असला तर त्यानंतरचा कुठे, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मुलांचा मात्र काही हिशेब करता येत नाही, हे पनवेल ओलांडायच्या आधीच कळलं.

"बाबा, किती राहिलं?"

"चारशे वीस."

"म्हणजे किती?"

"खूप."

"खूप म्हणजे आत्याच्या घराएवढं?"

"आत्याच्या घरी दहा वेळा जाऊन यायचं, एवढं."

त्यावर तो रडायलाच लागला. मुलगी म्हणाली, "तू त्याला खरं कशाला सांगतोस बाबा? आई सांगते, हे काय, आलंच."

पेणपर्यंत तीनदा थांबलो. एकदा शू, एकदा पाणी सांडलं म्हणून आणि एकदा एक चप्पल खिडकीतून बाहेर गेली म्हणून. ती चप्पल उचलायला मी हायवेच्या कडेने उलटा चालत गेलो. ट्रकच्या वाऱ्याने शर्ट फडफडत होता. वळून गाडीकडे पाहिलं, तर काचेला चिकटलेली दोन तोंडं दिसली. बंद गाडीत दोघांना सोडून आलो हे तेव्हा लक्षात आलं आणि चप्पल तशीच टाकून मी पळत परत आलो. पुढे मुलगा एका चपलेवर होता.

महाडच्या अलीकडे गॅसच्या पंपाला रांग लागली होती. वीसेक गाड्या, जवळजवळ सगळ्या मुंबईच्या. नंबरप्लेट वाचायची मला खोड आहे. एमएच सत्तेचाळीस म्हणजे आमच्याकडच्या, बोरिवली-कांदिवलीच्या. शून्य तीन म्हणजे कांजूरमार्ग-घाटकोपर बाजूच्या. रांग मुंगीसारखी सरकत होती आणि ऊन असं, की एसी लावूनही सीट तापलेली.

सीएनजीचा नियम सगळ्यांना माहीत आहे. गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, सगळ्यांनी उतरून लांब उभं राहायचं. एरवी मी आणि पंपवाला गाडीपाशी, बायको आणि मुलं लांब, अशी आमची वाटणी ठरलेली. त्या दिवशी आमचा नंबर जवळ आला तशी मी मुलीला म्हणालो, "ह्याला घेऊन तिकडे पत्र्याखाली थांब. हात सोडायचा नाही. मी गॅस भरून गाडी पुढे घेतो, मग या."

"एका चपलेवर चालेल तो?"

"उचलून ने."

पत्र्याच्या शेडखाली बरीच माणसं उभी होती. एका मोठ्या कुटुंबाच्या दोन पांढऱ्या गाड्या आमच्या पुढे होत्या, कुणाच्या तरी लग्नाला निघालेल्या. त्यांची सहा-सात पोरं साबणाचे फुगे उडवत होती. आमचा तिथे पोचताच त्यांच्यात शिरला.

"साहेब, झिरो बघा," पंपवाला म्हणाला.

मी बघितला. मी नेहमीच बघतो, आणि नुसता झिरो नाही, भरून होईपर्यंत काट्यावरची नजर काढत नाही. कमी दाबाने गॅस भरला तर टाकी अर्धीच भरते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. पैसे दिले, बॉनेट लावलं. मागचे हॉर्न मारायला लागले म्हणून गाडी हवा भरायच्या मशीनपाशी नेऊन लावली आणि उतरलो.

मुलगी समोरून एकटीच येत होती. हाताला पाणी लागलेलं, ते फ्रॉकला पुसत.

"तो कुठाय?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे कसा असेल?"

"मला बाथरूमला जायचं होतं. मी त्याला म्हटलं, बाबांकडे जा. तो हो म्हणाला, बाबा. तो हो म्हणाला!"

"तुला सांगितलं होतं ना, हात सोडायचा नाही म्हणून?" मी एवढ्या जोरात ओरडलो की आसपासच्या गाड्यांतली माणसं बघायला लागली.

शेडखाली आता दुसरीच माणसं होती. फुगे उडवणारी पोरं नव्हती. जमिनीवर साबणाच्या पाण्याचे गोल डाग तेवढे होते. मी आधी हायवेकडे धावलो. तो रस्त्यावर नव्हता. मग बाथरूम, मागची भिंत, उभ्या ट्रकांची चाकं, पाण्याच्या टाकीचं झाकण. मुलगी माझ्या मागे धावत त्याला हाका मारत होती. तिला गाडीत बसवावं तर पुन्हा एकटं सोडायचं, म्हणून तिचं मनगट धरून मी तिला फरफटत नेत होतो. ती एकदाही दुखतंय म्हणाली नाही.

पंपवाल्याने गॅस भरणं थांबवलं. आधी रांगेतून हॉर्न वाजले, मग काय झालं ते पुढून मागे पोचलं आणि माणसं उतरून शोधायला लागली.

"काय कपडे होते?"

"निळी चड्डी. पिवळा टीशर्ट." टीशर्ट पिवळाच होता का, अशी मला शंका आली.

"पिवळा नाही, हिरवा," मुलगी म्हणाली. "आणि एकच चप्पल."

त्यावर रांगेतला एक जाडा माणूस म्हणाला, "अहो, ती पांढरी गाडी गेली ना पोरांची, त्यात बघा गेला असेल. त्या बाईने दार उघडलं तशी सगळी पोरं भसाभसा आत घुसली. मोजली कोणी?"

"नंबर? नंबर बघितला तुम्ही?"

"नंबर कोण बघतं यार."

मी बघितला होता. शून्य तीन, एवढंच आठवत होतं. पुढचं काहीच नाही. आयुष्यभर नको त्या गाड्यांचे नंबर वाचले आणि हा एक डोक्यात राहिला नाही.

आता काय करायचं? त्या गाडीच्या मागे जावं, तर तो तिच्यात आहे कशावरून? इथेच कुठे ट्रकच्या आड असला आणि मी निघून गेलो, तर? थांबावं, तर ती गाडी ताशी साठने चाललेली, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. आम्ही शोधण्यात वीस मिनिटं तरी घालवली होती. वीस किलोमीटरमध्ये किती फाटे फुटतात, कुठल्या गावाला लग्न, काही माहीत नाही. आणि ती माणसं चांगलीच असतील असं मी कशावरून धरून चाललो होतो?

फोन वाजला. बायको.

मी कापला.

तिला काय सांगायचं? ती तीनशे किलोमीटर लांब, अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईपाशी. तिला तिथून काही करता येणार नव्हतं, नुसता जीव टांगणीला लागला असता. सापडला की सांगू. माझ्या दृष्टीने तो सरळ हिशेब होता.

पुन्हा वाजला. पुन्हा कापला. पंपाचा मॅनेजर म्हणाला, "पोलिसांना फोन करा तुम्ही, पालकांनी केलेला बरा." मी एकशे बारा फिरवायला घेतलं, तेवढ्यात तिसऱ्यांदा तिचाच आला आणि चुकून पोलिसांऐवजी तोच उचलला जाणार होता. मी चिडून लाल बटण दाबलं.

"बाबा, आई आहे," मुलगी म्हणाली. "उचल ना."

"आत्ता नाही."

"पण आईला सांगू या ना."

"काय सांगू? काय सांगू तिला?"

चौथ्यांदा वाजला. तेव्हा मी मॅनेजरला त्या गाडीचं वर्णन सांगत होतो आणि फोन हातात नुसता धरलेला होता. मुलीने तो हिसकावून घेतला, दोन पावलं लांब गेली आणि एका दमात बोलली, "आई, तो हरवला, माझ्यामुळे हरवला, मी बाथरूमला गेले."

मग ती ऐकत राहिली. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तर तिने मलाच हाताने थांबवलं.

"बाबा, आई म्हणते तो सापडलाय. ते लोक इकडेच येतायत. आई म्हणते, बाबाला सांग जागचं हलू नको."

मी खाली बसलो. डांबर तापलेलं होतं हे नंतर कळलं.

झालं होतं ते असं. त्या लोकांनी प्रत्येक मूल दुसऱ्या गाडीतल्या कुणाचं तरी असेल असं समजून कोंबलं होतं. पुढे एका झाडाखाली दोन्ही गाड्या थांबवून त्यांनी डबे उघडले आणि तेव्हा एक पोर जास्त निघालं. आईचा नंबर त्याला तोंडपाठ होता, त्यावर त्यांनी फोन लावला. मुलीला माझा नंबर मी शिकवला होता. हा अजून लहान आहे असं मी धरलं होतं. बायकोने रात्री झोपवताना त्याच्याकडून तो कधी घोटून घेतला, मला पत्ता नव्हता.

गाडी दिसेपर्यंत मी कशावरही विश्वास ठेवला नाही. मधल्या दुभाजकामुळे त्यांना बरंच पुढे जाऊन वळावं लागलं. तेवढा वेळ मी येणारी प्रत्येक पांढरी गाडी बघत होतो आणि रांगेतली माणसंही माझ्याबरोबर बघत होती. कुणीतरी मुलीला फ्रूटीचा डबा दिला. तिने तो फोडला नाही, नुसता धरून बसली.

दार उघडून आधी एक सत्तरीची बाई उतरली. तिच्या कडेवर आमचा. हातात अर्धा वडा, हनुवटीला तेल.

"काय ओ, पोरां मोजून घेवक नको?" ती खाली उतरता उतरताच सुरू झाली. "वडे वाटूक घेतलंय, तर एक हात जास्तीचो! माझ्या सुनेक विचारलंय, तुझो? ती म्हणता, माझो नाय. तिच्या जावेक विचारलंय, ती म्हणता, मी ह्याका आत्ताच बघतंय. आणि ह्यो आपलो मजेत बसलो हा!"

"आजी, मी..."

"तुम्ही काय बोलू नका. तुमचा तोंडच सांगता."

तिच्या मागून उतरलेली तिची सून म्हणाली, "दादा, सॉरी हां. आमची पण चूकच. सगळी एकाच गाडीला चिकटतात, कोण कुठे कळतच नाही."

मी मुलाला घेतलं. तो माझ्याकडे आला, पण नजर त्यांच्या गाडीकडे. "बाबा, त्यांच्या गाडीत मागे पण एसी आहे."

मुलगी त्याच्याजवळ आली, त्याच्या पाठीत एक जोरात धपाटा मारला आणि मग त्याला घट्ट धरून रडायला लागली. तो आधी चकित झाला आणि मग तोही रडला. आपण हरवलो होतो हे त्याला तेव्हाच, बहिणीच्या रडण्यावरून कळलं असावं.

पुढचा रस्ता मी सावकाश चालवला. चिपळूणनंतर मुलगा झोपला. मुलगी मागे त्याच्या अंगावर हात टाकून जागी बसली होती. आरशात दर वेळी तिचे डोळे उघडेच दिसत.

"झोप तू पण," मी म्हटलं.

"नको."

"तुझी चूक नव्हती. मी उगाच ओरडलो."

ती थोड्या वेळाने म्हणाली, "मनगट दुखतंय."

गॅस संपत आला तेव्हा पुढचा पंप लागला. रांगही फार नव्हती. मी गाडी आत घेतली नाही. पेट्रोलचं बटण दाबलं आणि उरलेला रस्ता पेट्रोलवर काढला, कारण मुलांना पुन्हा खाली उतरवायची माझी हिंमत नव्हती.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. बायको पायरीवर उभी होती. तिने झोपलेल्या मुलाला माझ्या खांद्यावरून स्वतःच्या खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हाताने मुलीला जवळ ओढलं. एकाच पायात चप्पल बघितली, पण त्याबद्दल विचारलं नाही. आतून आई विचारत होती, "आलीं काय रे पोरां?" तिला यातलं काही माहीत नव्हतं. मुलांना आत निजवून बायको परत बाहेर आली. मी डिकीतून सामान काढत होतो.

"मी चार वेळा फोन केला," ती म्हणाली.

"हो."

"तो सापडलाय हे मला माहीत होतं आणि तुला माहीत नव्हतं. आणि तू कापत होतास."

"तुला काय सांगणार होतो मी?"

"हेच. हरवलाय म्हणून."

मी बॅग खाली ठेवली. एवढं सरळ उत्तर होतं आणि मला ते पंपावर सुचलं नव्हतं. ती अजून उभीच होती. मग तिने ती बॅग उचलली आणि म्हणाली, "चल आत. आईला भेट आधी."