हळूबाईंची घाई

मी वॉर्डात स्ट्रेचर ओढायचो. आता गुडघे गेले, म्हणून घरी बसलोय. आयुष्यभर माणसं उचलली, त्यामुळे कोण काम करतं आणि कोण कामाचं सोंग आणतं हे मला लांबूनही कळतं. हळूबाई काम करायच्या.

त्या आमच्या वॉर्डातल्या सिस्टर; हे नाव त्यांना आम्हीच पाडलं होतं. ज्याचं रक्त थांबत नाही अशा पेशंटला व्हिटॅमिन के द्यायचं असलं, की बाकीच्या सिस्टर हळूबाईंना हाक मारायच्या. इंजेक्शन सलाइनमध्ये मिसळायचं, बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, कारण उजेडानं ते बिघडतं, आणि मग थेंब थेंब सोडायचं. भसकन गेलं तर माणूस लालबुंद होतो, घामाघूम होतो, कधी श्वासच अडकतो. म्हणून औषध चालू झालं की बाई खाटेशी उभ्या. नजर पेशंटच्या चेहऱ्यावर, बोटं मनगटावर.

"सिस्टर, जरा वाढवा की. एवढ्यात गोगलगायसुद्धा पोचली असती," एका पेशंटचा मुलगा म्हणाला.

"पोचतेच ती. धावणारे शेजारी जातात, हाडांच्या वॉर्डात."

रक्त काढल्यावर सुईची जागा त्या स्वतः दाबून धरायच्या. इतर जणी पेशंटच्या हातात कापूस देऊन पुढे जातात, आणि रक्त थांबलं का बघायला पेशंट तो लगेच उचलतो. बाईंचा अंगठा हलायचा नाही. लघवीचं भांडं खिडकीपाशी नेऊन रंग बघायच्या. मी नाक मुरडलं की म्हणायच्या, "मामा, सोनार कधी कसोटीला लाजतो का?"

तर एकदा टेलरमास्तर आले. पायात गुठळी झाली म्हणून त्यांना रक्त पातळ करायची गोळी होती. दोन डॉक्टरांनी ती दोन नावांनी लिहून दिली. गोळी एकच. मास्तरांनी इमानेइतबारे दोन्ही खाल्ल्या. मग नाकातून रक्त आलं ते थांबेना. मी त्यांना आत आणलं तेव्हा शर्टाचा पुढा भिजला होता आणि मास्तरांना काळजी शर्टाची. "काजं हातानं केलीत हो याची."

बाईंनी औषध लावलं. मास्तरांच्या बायकोला वाटलं, आता चुटकीसरशी थांबेल.

"वहिनी, हे औषध स्वतः बांध घालत नाही," बाई म्हणाल्या. "शरीराला बांधाचं सामान पुरवतं. बांधायला वेळ लागणारच."

हळूहळू नाक थांबलं. दुसऱ्या दिवशी रक्ताची तपासणीही चांगली आली. तरी बाईंनी दाढीचा वस्तरा बंद केला, मऊ ब्रश दिला, नाक शिंकरायला मनाई केली. पण मास्तरांना रिकामं बसवेना. त्यांनी बायकोकडून एका गिऱ्हाइकाचा फ्रॉक मागवला, हातशिलाई राहिलेला. बाईंनी कात्री काढून घेतली. सुईवरून वाद झाला.

"सुई मला टोचत नाही, सिस्टर. मी सुईला टोचतो."

शेवटी बोटाला अंगुस्तानाची टोपी घालायच्या अटीवर सुई मिळाली.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी बाईंना फ्रॉकच्या कडेला गुलाबी ठिपका दिसला. "मास्तर, तोंड उघडा." हिरडीला रक्त होतं.

"दोरा दातानं तोडतोय ना. कात्री तर तुम्हीच पळवलीत."

सगळा वॉर्ड हसला. मी हसलो. बाईही हसल्या.

एरवी त्यांनी हिरडीवर कापूस दाबला असता आणि वाट बघितली असती. दोऱ्यानं कापलेलं दाबल्यावर थांबतं. रक्त पातळ झाल्यामुळे येणारं थांबत नाही. पातळ करणारी ती गोळी अंगात कित्येक दिवस दबा धरून असते, औषधाचा जोर ओसरला की पुन्हा डोकं वर काढते. बाईंना हे माझ्या दसपट माहीत होतं. पण व्हरांड्यात पेशंट जमिनीवर निजले होते, खाट हवी होती, आणि राउंडचे डॉक्टर पायथ्याशी येऊन उभे होते. "काही नवीन?" त्यांनी विचारलं.

"हिरडीला दोरा लागलाय. बाकी ठीक," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कालची तपासणी बघितली आणि सही केली.

मास्तरांना परत मीच आणलं, दुसऱ्याच दिवशी भर दुपारी. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात स्ट्रेचरवरून खाली लोंबत होता. मी तो उचलून छातीवर ठेवला, तो पुन्हा घसरला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. पुन्हा बाटली, पुन्हा काळा कागद, पुन्हा बाई उभ्या. कामात तसूभर कसूर नव्हती. मास्तर वाचले. हात गेला तो गेलाच.

काही महिन्यांनी ते बायकोबरोबर दाखवायला आले. शब्द जड झाले होते, पण कळत होते. बाई त्यांच्यापुढे जाऊन म्हणाल्या, "मास्तर, त्या दिवशी मी थांबून बघायला हवं होतं."

"अहो, दोरा मी खरंच तोडला होता. खोटं नव्हतो बोललो."

"नव्हतात. म्हणून तर मी पुढे बघितलं नाही."

मास्तरांची बायको मध्येच बोलली. "मशीन मी चालवते आता, सिस्टर. हे शेजारी बसून सांगतात. पण यांच्या हाताचं काज मला येत नाही." तक्रारीचा सूर नव्हता. बाईंना तो असता तर बरं वाटलं असतं, असं मला वाटलं.

पुढच्या बदल्यांत बाईंनी वॉर्ड सोडला आणि कपड्यांचं स्टोअर मागून घेतलं. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे गाऊन. मला ते बघवेना. गेलो समजूत घालायला.

"बाई, एका चुकीपायी एवढा तयार हात वाया घालवायचा? खाटेवरच्या माणसानं काय पाप केलंय?"

त्या चादरींच्या घड्या घालत राहिल्या. "मामा, आता पेशंट काही सांगायला लागला की मला ते ऐकूच येत नाही. प्रत्येक जण काहीतरी लपवतोय असं वाटतं. परवा एका म्हातारीला तिचं दुखणं चारदा सांगायला लावलं. रडली बिचारी. तशी सिस्टर मला माझ्या आईजवळ चालली नसती."

घड्या घातलेल्या चादरींचा गठ्ठा मी उचलून वरच्या फळीवर ठेवला. त्यांना तो सहज उचलता आला असता. जड नव्हता.