दाजींच्या खुर्चीखालची पांढरी रेघ
दाजी गेल्याचा भाचीचा फोन मी दोनदा कापला. वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या भावावरून एकाशी हुज्जत चालली होती. तिसऱ्यांदा घेतला, तेव्हा ती नुसती रडत होती... त्याला आता दीड महिना झाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सैन्यातले हवालदार. ड्यूटीवर असताना घाटात गाडी उलटली आणि उजवा गुडघा गेला. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड अपंगत्वाचे टक्के ठरवणार होतं. शून्यातून धंदा उभा करताना मी एकच शिकलो होतो, समोरचा कमीच देणार, म्हणून आपण जास्त सांगायचं. मी वर्तकनगरला त्यांच्या घरी गेलो, त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीखाली फरशीवर मार्किंगच्या पेंटने रेघ मारली. ‘‘पाय मागे घेताना टाच या रेघेपर्यंतच. रेघेच्या मागे न्यायची नाही. इथेच ओरडायचं.’’

दाजी हसले. ‘‘सुरेशराव, मी नाटकात कधी नव्हतो हो.’’

बोर्डाच्या दिवशी मीच त्यांना गाडीतून नेलं. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘डॉक्टर म्हणाले, जेवढा वाकेल तेवढा वाकवा. वाकवला.’’

‘‘दुखलं नाही?’’

‘‘दुखलं की! पण ऑर्डर होती.’’

टक्के वीसच्या आत आले. तेवढ्यावर अपंगत्वाचं पेन्शन मिळत नाही. माझी मेहनत त्यांनी पाण्यात घालवली, हा राग मी कित्येक वर्षं पोसला. नौपाड्यात भाचीच्या साखरपुड्याला पंगत बसत होती. दाजींनी खुर्ची मागितली आणि मी व्याह्यांसमोर ओरडलो, ‘‘खुर्ची कशाला? सरकारच्या लेखी यांचा पाय ठणठणीत आहे. पाटावरच बसवा!’’

ते पाटावर बसले. जेवण झाल्यावर त्यांना उठवायला दोन माणसं लागली. मी हात पुढे केला नाही.

तेराव्यानंतर मी ताईला विचारलं, ‘‘पाय एवढा बिघडला होता, तर पुन्हा तपासणीचा अर्ज का नाही केला?’’

ती म्हणाली, ‘‘मी मागे लागले होते रे. म्हणायचे, आता खरं सांगितलं तरी सुरेशरावांना वाटेल, शेवटी त्यांनी शिकवलेलंच नाटक केलं.’’

खिडकीजवळ त्यांची खुर्ची तशीच होती. सकाळ-संध्याकाळ ते तिच्यावर बसून टाच मागे ओढायचे, पाय मोकळा करायला. मी खाली वाकून पाहिलं. रेघेच्या बरीच अलीकडे, टाच जेमतेम पोचायची तिथवरच, फरशी घासून गुळगुळीत झाली होती. रेघेला मात्र ओरखडाही नव्हता. मी मारली त्या दिवशी होती तशीच, पांढरीशुभ्र...