जोर लावायचा नाही!

आमच्या वर्गातल्या गोष्टी सांगायला लागले की घरचे विचारतात, "तुम्ही शिकायला जाता का हसायला?" आता काय सांगू! धाराशिवला मिडवाइफरीच्या, म्हणजे सुईणकामाच्या, पदव्युत्तर कोर्सची आमची पहिलीच बॅच. सगळ्या मुरलेल्या सिस्टर. त्यात भूमच्या रेखाताई म्हणजे लेबर रूमची तोफ! त्या पास झाल्या, तरच भूमला मिडवाइफनं चालवायची बाळंतपणाची वेगळी खोली उघडणार होती.

*

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आजपासून 'जोर लाव' बंद. वेळ आली की बाई आपोआप कळ देते. आपण ओरडायचं नाही."

रेखाताई हबकल्याच. "मग आमी तिथं करायचं काय?"

"थांबायचं."

"नुसतं?"

*

सरावाला रबरी बाहुली होती. ताईंनी तिला हात लावला अन् सवयीनं गरजल्या, "लाव जोर! लाव गं माय!"

बाहेरचा शिपाई धावत आला. "कोण अडलीय?"

"मीच!" ताई म्हणाल्या.

*

मग मॅडमनी ताईंनाच टेबलावर आडवं केलं अन् कळा द्यायला लावल्या. खोट्या का होईना! ताई लगेच उठून बसल्या. "असं उताणं पडून? मला तर नुसती धाप लागली!"

दुसऱ्या दिवशी घरून चटई घेऊन आल्या. म्हणाल्या, बाईला बसावंसं वाटलं तर बसू द्यायचं.

*

एकदा आम्ही बसलेली भूमची एसटी चिखलात रुतली. लोक ढकलतायत, कंडक्टर ओरडतोय, "जोर लावा!"

ताई खिडकीतून म्हणाल्या, "ओरडू नका ओ. दम घ्या. निघंल तवा निघंल!"

आम्ही हसून हसून बेजार.

*

ताईंच्या परीक्षेला ढोकीची एक पहिलटकरीण आली. बाहेरून आलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई परीक्षक, आमच्या मागं उभ्या. ती पोरगी चटईवर उकिडवी बसलेली, ताई शेजारी, हात तिच्या कमरेवर, ओठ घट्ट मिटलेले. मी बाजूला देवाचा धावा करतेय, ताईंच्या तोंडून ते 'जोर लाव' निघू नये म्हणून!

खोलीत फक्त त्या पोरीचा श्वास. इतकी वर्षं लेबर रूममध्ये काढली, पण अशी शांतता कधी ऐकली नव्हती. बाळाचं डोकं दिसलं.

अन् खोलीत आवाज घुमला, "लाव जोर! लाव!"

संपलं! ताईंकडं बघितलं, तर ओठ मिटलेलेच. डॉक्टरीणबाई ओरडल्या होत्या!

पोरीनं मान पण वळवली नाही. "गप बसा की ओ बाई! आमचं चाललंय न्हवं!"

बाळ आलं. आपलं आपण, ताईंच्या हातात.

डॉक्टरीणबाई हळूच पुढं आल्या अन् चटईच्या कडेला, खाली फरशीवर, मांडी घालून बसल्या.