छागलीतलं पाणी

"मिस्त्री, गाडी उनानंच बंद पडली ना? तेवढं सांगा फक्त."

नामदेवभाऊंनी गाडी माझ्या शेडमध्ये घातली आणि खाली उतरायच्या आधीच हे विचारलं. मी बोनेटलाही हात लावला नव्हता. दुसरा कोणी असता तर म्हणालो असतो, सगळं तुम्हालाच ठाऊक आहे तर माझ्याकडे कशाला आलात? पण त्यांच्या बायकोची तेरवी नुकतीच उरकली होती.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. अमरावतीत माझं लहानसं गॅरेज होतं. नामदेवभाऊ इथल्या एका वकीलसाहेबांचे ड्रायव्हर, राहायला बडनेऱ्याला. गाडी लढाईच्या आधीची, विलायती. ती अजून धावत होती ती नामदेवभाऊंच्या पायामुळे. अ‍ॅक्सिलरेटरवर इतका हलका पाय ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मागे बसलेल्या वकीलसाहेबांना गाडी कधी सुटली तेही कळत नसे.

उन्हाचं आधी सांगतो. वऱ्हाडात मे महिन्यात लग्न मोडलं तरी लोक उन्हावर ढकलतात, तिथे गाडीचं काय. अर्थात त्यात तथ्य असतंच. त्या गाड्यांत इंजिनाला चिकटून पेट्रोलचा पंप असे. फार तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. गाडी बंद. मग बोनेट उघडायचं, पंपावर ओला फडका टाकायचा आणि तो गार होईपर्यंत विडी ओढत बसायचं. त्यासाठी प्रत्येक गाडीच्या पुढच्या बंपरला छागल टांगलेली असे, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. होळी झाली की अमरावती-अकोला रस्त्यावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या जागोजागी दिसत. बंद पडलेली प्रत्येक गाडी वाफेनंच बंद पडलीय, असं सगळे धरून चालत. मला या फडक्याची चीड होती. फडका टाकला की माणूस विचार करायचा थांबतो.

"काय झालं ते पहिल्यापासून सांगा," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं. वकीलसाहेबांना दुपारच्या गाडीसाठी बडनेरा स्टेशनवर सोडलं आणि नामदेवभाऊ जेवायला घरी गेले. बायको, सुभद्राबाई, भर उन्हात कुरडया वाळत घालत होत्या. तिथेच पडलेल्या दिसल्या. अंग भट्टीसारखं तापलेलं, शुद्ध नाही. त्यांनी उचलून गाडीत घातलं आणि अमरावतीच्या सरकारी दवाखान्याकडे निघाले.

"रस्त्यात गाडी गपकन बंद पडली, मिस्त्री. सेल्फ मारला, चालू झाली. पाय दाबला का बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मी म्हटलं, पेट्रोलची वाफ झाली. आता हे गार झाल्याबिगर काई चालत नाई."

"मग?"

"छागल काढली. फडका ओला केला. पंप लय तापला होता, पाणी वाळून जाये. मी टाकतच राहिलो. पयले पंपावर टाकलं, मिस्त्री. पंप चालला तर बायको वाचन, असं वाटलं मले. उरलं ते तिच्या तोंडाले लावलं. आसपास झाडपण नव्हतं. मंग एक ट्रक आला, त्यानं नेलं."

सुभद्राबाई त्याच संध्याकाळी दवाखान्यात वारल्या.

"डाक्टर म्हणे, अंगावर पाणी काहून नाई टाकलं? अंग गार करा लागत होतं. मी काय सांगू त्याले?"

आता मला त्यांचा प्रश्न कळला. गाडी खरोखर उन्हानं बंद पडली असेल, तर पंपावर टाकलेलं पाणी बायकोसाठीच टाकलेलं होतं. नसेल, तर ते वाया गेलं होतं. मला त्या क्षणी गाडी तपासायचीच नव्हती, हे सरळ सांगतो.

"गाडी राहू द्या इथे. सकाळी बघतो," मी म्हणालो.

सकाळीच का, तर इंजिन रात्रभर गार होतं. गार इंजिनात वाफ होत नाही. तेव्हाही गाडी तशीच वागली, तर दोष उन्हाचा नाही. याहून सोपी परीक्षा नाही.

संध्याकाळी वकीलसाहेब येऊन गेले. सज्जन माणूस. शेडच्या बाहेर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, काहीही निघालं तरी त्याला उन्हानंच झालं म्हणून सांगा. तुमचं काय जातं?"

"आधी बघू तर द्या, साहेब."

"बघा हो. पण सांगा तेच. जेवत नाही तो."

माझ्याही मनात तेच होतं. लवकर येऊन, एकट्यानं बघून टाकायचं असं ठरवलं. पण सकाळी पोचलो तर नामदेवभाऊ दाराशी बसलेले.

"चहा घेऊन या, तोवर मी बघतो," मी म्हणालो.

"नको. तुमी करा तुमचं काम."

मी सेल्फ मारला. चोक देऊन इंजिन जरा चालू दिलं, मग चोक आत घातला. शेडमध्ये अजून गारवा होता. हळूच पाय दाबला. इंजिन सुरेख चढलं. पाय सोडला. मग घाईतला माणूस दाबतो तसा एकदम दाबला. इंजिन गपकन बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मी मागे वळून बघितलं नाही. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायची गरज नव्हती.

कार्बोरेटर उघडला. आताच्या गाड्यांत पाय किती दाबला ते इंजिनाला कळवायला सेन्सर असतो. तेव्हा त्यातलं थोडं काम कार्बोरेटरमधला एक बोटभर पंप करी. हा त्या पेट्रोलच्या पंपाहून वेगळा. पाय एकदम दाबला की हवा पटकन आत शिरते, पेट्रोल मागे पडतं. तेवढ्या क्षणापुरती पेट्रोलची एक पिचकारी मारायची, एवढंच याचं काम. पिचकारीच्या दट्ट्याला चामड्याचं टोपण असतं. ते वाळून आकसलं होतं, कडेला चिरलं होतं. पिचकारी कोरडीच चालत होती. हळू पाय दाबणाऱ्याला हे वर्षभर कळलं नसतं. नामदेवभाऊंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाय जोरात दाबला. सेल्फ मारून नेहमीसारखा हलका पाय ठेवला असता, तर गाडी तशीच दवाखान्यापर्यंत गेली असती. पण मागे बायको बेशुद्ध असताना पाय हलका कोणाचा राहतो?

ते जवळ आले आणि माझ्या हातातलं टोपण बघितलं.

"म्हंजे थांबाचं काई कामच नव्हतं."

मी टोपण पुसत राहिलो.

"आन ते पाणी..." ते गाडीच्या पायरीवर बसले.

मी खोटं बोलणार होतो, तेही आता जमण्यासारखं नव्हतं. तरी म्हणालो, "भाऊ, हे चामडं कशानं वाळलं? उन्हानंच ना."

"हो," ते म्हणाले. माझं मन राखायला म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि त्या चामड्याच्या तुकड्याचा रागही आला. मी तो नाल्यात फेकून दिला.

नवं टोपण कापून, तेलात भिजवून बसवलं. गाडी ठणठणीत झाली. वकीलसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "मी काहीच सांगितलं नाही, साहेब. त्यांनी स्वतःच बघितलं." नामदेवभाऊंना त्यांनी कामावर ठेवलं, आणि नामदेवभाऊही राहिले. दुसरं करणार काय? पाय पूर्वीसारखाच हलका होता.

फरक एवढाच झाला, की गाडीला पुढे दोन छागली लटकायला लागल्या. एकदा त्याच रस्त्यावर, भर मे महिन्यात, खरोखरच पेट्रोलची वाफ होऊन ती गाडी उभी राहिली. मी योगायोगानं मागून येत होतो. बोनेट उघडं होतं, दोन्ही छागली भरलेल्या होत्या, आणि नामदेवभाऊ वकीलसाहेबांना पाणी पाजत होते.

"फडका टाका की, भाऊ," मी म्हणालो. "आज खरंच तापलीय."

"तापू द्या," ते म्हणाले. "होते ते आपोआप गार."

गॅरेजात आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला मी दोन गोष्टी सांगत आलो. गाडीचा दोष गाडी गार असताना शोधावा. आणि गाडी कशानंही बंद पडो, छागलीतलं पाणी आधी माणसाला द्यावं. पहिली गोष्ट मला माझ्या उस्तादानं शिकवली होती.