काळूरामने मॅट सोडली नाही

“मॅट आली आणि काळूरामदादांचा खेळ संपला. त्यानंतर त्यांनी मॅटवर पाऊल ठेवलं नाही. उरलेलं आयुष्य त्यांनी गणेशपुरीला देवदर्शनात घालवलं.” कोन गावातल्या शोकसभेत आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष वसंतराव असे म्हणाले, आणि याच आधारावर त्यांनी पुढे सुचवले की मंडळाच्या नव्या मॅटच्या सभागृहाला काळूरामचे नाव देणे विसंगत ठरेल, मातीच्या जुन्या मैदानाच्या कमानीवर ते अधिक शोभेल. सभा शोकाची होती, म्हणून मी गप्प बसलो. आता काही आठवडे लोटले आहेत आणि नावाचा निर्णय व्हायचा आहे. ज्या संघाचा मी कर्णधार होतो आणि काळूराम पहिला चढाईपटू, त्या संघाचा इतिहास मी हयात असताना कोणी असा परस्पर लिहू नये.

मातीवरचा काळूराम सर्वांना मान्य आहे, त्यावर वाद नाही. चढाईला निघण्यापूर्वी तो वाकून चिमूटभर माती कपाळाला लावी, मूठभर तळव्यांवर चोळी, आणि मग दम धरून समोरच्या सात जणांत असा शिरे की जणू स्वतःच्या शेतावरच निघाला आहे. पकड करायला आलेल्याच्या हाती बहुधा त्याचा घामच लागे. खाडीकाठच्या गावांतून त्याच्या चढाया पाहायला माणसे येत, मानकोलीचा संघ तर हरायची तयारी ठेवूनच येई... हे सगळे खरे आहे. पण माणसाचा अर्धाच खेळ मान्य करणे हाही त्याचा अपमानच.

वसंतराव ज्या सामन्यावरून हे म्हणतात, तो या शतकाच्या सुरुवातीचा. आमच्या भागात मॅट नुकतीच येऊ लागली होती. काळूराम चाळिशीला टेकलेला. मॅटवर माती नसणार हे त्याने ऐकले होते, म्हणून त्याने आमच्या मैदानातली मूठभर माती रुमालात बांधून आणली आणि सवयीने तळव्यांवर चोळली. पंचांनी शिटी वाजवून त्याला हात धुवायला पाठवले, मॅट पुसून घेतली. प्रेक्षक पोट धरून हसले. परत येऊन त्याने चढाई केली, वळला, आणि पडला. मातीत वळताना अनवाणी पाय सरकतो. मॅटवर बूट चिकटून बसतो. शरीर वळले, गुडघा मागेच राहिला. तो लंगडत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “नाना, वसंताला पाठव.” वसंतराव तेव्हा आमचे राखीव खेळाडू, ते आत गेले. तिथून पुढे काय झाले हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण ते खेळत होते. काळूरामशेजारी मी होतो. तो दुसऱ्या संघातल्या पोरांच्या पावलांकडे टक लावून बसला होता. मी म्हटले, “रुसलास काय रे?”

“रुसू कोनावर? ती पोरं वळायच्या आधी पाय उचलतान, बघ. आपल्याला शिकाया लागंल.”

पुढल्या महिन्यापासून तो गणेशपुरीच्या एसटीत दिसू लागला. गुडघ्याला गरम कुंडाचे पाणी लागू पडते, असे त्याने गावात सांगितले. ते खोटे नव्हते, अपुरे होते. मला शंका आली म्हणून एकदा मी त्याच्याबरोबर बसलो. कुंडात पाय बुडवून झाल्यावर तो मला पलीकडच्या एका शाळेत घेऊन गेला. तिथे मॅट होती, एक तरुण क्रीडाशिक्षक होता, आणि भातशेती करणाऱ्यांच्या, दुकानदारांच्या मुली रांगेत उभ्या होत्या. काळूराम बूट बांधून त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला... आमचा पहिला चढाईपटू. सुजाता नावाची एक मुलगी, वडील एसटीत वाहक, त्याला म्हणाली, “काका, तुम्ही एसटी वळवल्यासारखे वळता. आधी मागं बघता, मग पुढं बघता, तोवर आम्ही पकडतो.”

“यष्टी वळतं उशिरा, पन पोचतं ना, बाय?”

“पोचते. पण गुण आम्हाला.”

परतताना त्याने मला बजावले, “गावात बोलू नको. शिकलो तर दिसंलच. न्हाय शिकलो, तर हसाया वसंता हाय.” मी शब्द दिला आणि पाळला. तो शिकला. पुढे त्या शिक्षकाची बदली झाली, तेव्हा मुलींनी दुसरा कोणी मागितला नाही. रांगेत शेवटी उभा राहणारा माणूस समोर येऊन उभा राहिला. शेवटच्या आजारपणापर्यंत त्याने ते सोडले नाही. त्याच्या जाण्यानंतर मी तिथे गेलो होतो. सराव चालू आहे. सुजाता आता लहान मुलींना शिकवते, आणि एखादी चुकली की काळूरामच्याच स्वरात “घाई न्हाय, बाय” म्हणते. मी बराच वेळ बसलो. खरे सांगायचे तर, शोकसभेपेक्षा तिथे मला अधिक बरे वाटले.

वसंतराव म्हणतील, नाना म्हातारा झाला, मित्राची बाजू घेतो. घेतो. पण माझ्या साक्षीवर त्यांनी विसंबू नये, स्वतःच्या शब्दांवर विसंबावे. यंदाच्या तालुका स्पर्धेत आमच्या मंडळाच्या मुलींना हरवणाऱ्या संघाला चषक देताना, “मॅटवर कसं खेळावं ते यांच्याकडून शिका,” असे ते व्यासपीठावरून जाहीरपणे म्हणाले होते. त्या मुली काळूरामच्या होत्या.