चालत्या मोटरीतली गाठ

आमच्या क्रेडिटवाल्या सरांनी मदत केली म्हणून आज एका इंजिनियरच्या कागदांवर माझी सही आहे, हे आधी सांगते, बाकीचं मागून. नियमात लिहिल्याशिवाय ज्याला शिंकसुद्धा येत नाही असा माणूस या जगात एकच असेल, आणि देवाने तो नेमका माझ्या वाटेवर उभा केला. मी वाशीमकडची. सातवीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्यामागे आळेफाट्याला आले ती टोमॅटोचे क्रेट भरायला, आणि शेजारच्या दुकानात बघता बघता शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी भरायला, म्हणजे त्यांत तांब्याची नवी तार गुंडाळायला शिकले. सर इकडच्याच एका कॉलेजात पोरांच्या इंटर्नशिपचं बघत. पोरांनी बाहेर ठरलेले तास काम करायचं, डायरी लिहायची, ज्याच्या हाताखाली शिकले त्याची सही आणायची, मग कॉलेज क्रेडिट देणार. क्रेडिट नाही तर वर्ष गेलं. गोष्ट एवढीच. पण सरांच्या हातात पडली की तिचं पंचांग होई.

तासातून ते चहाची मिनिटं वजा करत. चहा दोनदा फुंकून पिणाऱ्याची जास्त. आमच्या दुकानात शिकायला तळेघरचा सिद्धार्थ यायचा, तासभर चालून मग एसटी धरून. घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. एकदा त्याला उशीर झाला, तर सर म्हणाले, "कंडक्टरचं पत्र आणा." पोराने खरंच आणलं, तिकिटाच्या पाठीवर: "गाडी घाटात बंद पडली व्हती, पोराचा दोष नाय." सरांनी ते जपून फाइलला लावलं आणि खाली शेरा मारला, "सही आहे, शिक्का नाही." स्वतःच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं मुहूर्ताच्या दोन मिनिटं आधी संपली, म्हणून त्यांनी भटजींना एक पुन्हा म्हणायला लावलं, असं ऐकलंय. मी बघितलेलं नाही, पण माझा विश्वास आहे.

त्यांच्या नियमांच्या पुस्तकात एक कलम होतं: पूर्वसूचना न देता पाहणी करावी. दुसरा कुणी असता तर फोन न करता आला असता. सर दुकानामागच्या उसात जाऊन बसले. आता आमच्या जुन्नर भागात उसात काही हललं तर माणूस आधी पोरं आत घेतो, मग विचार करतो. पलीकडच्या वहिनी ओरडल्या, "बिबट्या! बिबट्या शिरलाय वो उसात!" झालं! कुणी पत्रा बडवतंय, कुणी फटाके शोधतंय, सिद्धार्थ वार्निशचा रिकामा डबा पान्ह्याने बडवतोय, दुकानाचे मालक, आमचे शेठ, शटर ओढून आतून विचारतायत, "गेला का?" आणि उसातून डोक्यावर फाइल धरून, अंगभर पाचोळा घेऊन सर बाहेर आले. घड्याळ बघून म्हणाले, "हा आरडाओरडा पंधरा मिनिटं चालला. ही कामात धरता येणार नाहीत."

हसू यायच्या आत त्यांनी वही उघडली. "त्याआधी तासभर मी बघत होतो. शिकवण्याची वेळ: ताई, अठ्ठावन्न मिनिटं. शेठ, शून्य. मग डायरीत आठ आठवडे सह्या शेठच्या कशा?"

शेठने सह्या केल्या होत्या त्या माझ्याच सांगण्यावरून. सातवीवाल्या बाईची सही बघून कॉलेज पोराला हसेल, ही मला धास्ती. सरांनी सगळ्या सह्या तिथल्या तिथे रद्द केल्या. सिद्धार्थचं तोंड उतरलं. "ताई, माझं वर्ष?" एवढंच म्हणाला.

"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं. "पोराला सोडा."

"सोडायचं कलम नाही," सर म्हणाले, आणि पानं उलटायला लागले. "शिकवणारा पदवीधर हवा. नसल्यास पाच वर्षांचा अनुभव, पुराव्यासह."

"मी लिहून देतो ना राव," शटरमधून शेठ म्हणाले.

"तुमच्या सहीचं आत्ताच काय झालं, बघितलंत ना?"

पुरावा कुठला आणू? नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीचा कागद नाही. मग सिद्धार्थलाच आठवलं. मोटर भरून झाली की तारांच्या वेटोळ्यावर दोरा बांधतात, त्याच्या टोकाला मी माझ्या बापाने शिकवलेली, बैलाच्या दाव्याची गाठ मारते. इकडे तशी कुणी मारत नाही. आणि मोटरीवर पिवळ्या रंगाने तारीख शेठ टाकतातच. सरांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवसापासून स्कूटरवर पुढे सर आणि फाइल, मागे शेठच्या गाडीवर सिद्धार्थ आणि मी, असा आमचा तपास विहिरी-विहिरीने निघाला. दोन वर्षांची गाठ सापडली, तीन, चार. पाच वर्षांची तारीख एकाच मोटरीवर होती, आळ्याच्या एका म्हातारबांच्या विहिरीवर, आणि ती कांद्याला पाणी देत होती.

"चालती मोटर खोलू?" म्हातारबा म्हणाले. "सर, तुमी जित्त्या माणसाचं पोस्टमार्टेम करता का वो?"

सर बांधावर बसले. थ्री फेजची लाईट जाईपर्यंत उन्हात बसून राहिले, फाइल डोक्यावर. दुपारी लाईट गेली तेव्हा म्हातारबांनाच त्यांची दया आली. "खोला. पर बंद पडली तर कांदं सरांनी भिजवायचं. बादलीनं."

"मान्य," म्हणत सरांनी तेही लिहून घेतलं.

नट माझ्या हातून दोनदा गवतात पडला. मागचं झाकण निघालं. काळ्या पडलेल्या वार्निशखाली माझ्या बापाची गाठ, जशीच्या तशी. सरांनी चष्मा काढला, वाकले, बोट लावलं. मग लिहिलं: "गाठ सुस्थितीत." मी झाकण परत बसवलं. सकाळी लाईट आली, मोटर पहिल्या झटक्यात उठली, तरी सर बादली घेऊनच आले होते.

मग आठ आठवड्यांच्या सह्या मी केल्या. शिक्षणाचा रकाना तेवढा सोडला. सर म्हणाले, "रिकामा रकाना म्हणजे अर्ज अपूर्ण. सातवी लिहा ताई. खरं आहे ते लिहायला काय हरकत? बदलावंसं वाटलं तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं. वयाची वरची अट नाही, मी बघितलंय." माझ्यासाठी त्यांनी ते आधीच बघून ठेवलं होतं.

बिबट्याची पंधरा मिनिटं मात्र सोडली नाहीत. तेवढ्यासाठी सिद्धार्थ तळेघरहून परत आला, पाऊण वेटोळं भरलं आणि गेला. क्रेडिट मिळालं. आता नोकरीला आहे.

सरांची लांब बदली झाली. दुकानामागचा ऊस वाऱ्याने हलला की अजून वाटतं, आत कुणीतरी घड्याळ बघतंय. सतरा नंबरचा फॉर्म मी भरलाय. गणिताची भीती वाटते, पण तारेचे वेढे मोजणारी बाई आहे मी. पास झाले की गुणपत्रिका घेऊन, सरांचं बदलीचं गाव असेल तिथे जाईन. मूळ प्रत, दोन झेरॉक्स आणि एसटी वेळेवर आल्याचं कंडक्टरचं पत्र. शिक्क्यासह.